आधी कागद, मग इसार: मराठवाड्यात घर घेताना-विकताना कोणतं काम कधी करायचं

गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या घराच्या व्यवहारात मी फाईल बगलेत धरून सोबत फिरलोय, कुणाचं घ्यायचं होतं तर कुणाचं विकायचं, आणि जवळपास सगळ्यांनी एकच चूक केली. घर आवडलं, भाव जमला, चहा झाला आणि लगेच खिशातून पन्नास हजार-लाख रुपये इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) काढून दिला, कागद मात्र मागितले नंतर. एकदा पैसा गेला की समोरचा "आणून देतो की, पळून चाललो का" म्हणतो आणि तुम्ही त्याच्या मागं फिरत बसता.

म्हणून हे सगळं करायच्या क्रमानंच लिहितोय. विकणाऱ्यांनी पायरी २ आणि ९ नीट वाचा, बाकीचं पण वाचा, कारण समोरचा काय मागणार ते आधी माहीत असलेलं बरं.

## पायरी १: गणित आधी, घर बघणं नंतर

चाळीस लाखाच्या घराला चाळीस लाख पुरत नाहीत. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के धरा, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजाराच्या वर जात नाही, म्हणजे इथं ३० हजार. वकील, सर्च (जुन्या दस्तांची तपासणी), बँकेची फी, एजंटची एक-दोन टक्के दलाली हे वेगळंच. आता बँक किती देते, तर ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्के. चाळीस लाखाच्या घराला ८० टक्के म्हणजे ३२ लाख मिळाले, वरचे ८ लाख तुमचे, आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च बँक यात धरत नाही. म्हणजे हातात साडेअकरा-बारा लाख रोख तयार पाहिजेत. बरेच जण आठ लाख घेऊन निघतात आणि शेवटच्या आठवड्यात सोनं गहाण ठेवायची वेळ येते.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर निवासी मिळकतीला मुद्रांकात १ टक्का सूट आहे, चाळीस लाखावर चाळीस हजार वाचतात. नवरा-बायको दोघांचं नाव टाकलं की ती सूट जाते. काय करायचं ते घरात बसून ठरवा, रजिस्ट्री ऑफिसच्या पायरीवर भांडू नका.

मुद्रांक तुमच्या सौद्याच्या भावावरच लागतो असं नाही. सरकारचा रेडी रेकनर दर आणि सौद्याचा भाव यात जो जास्त असेल त्यावर लागतो. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर गाव, मोहल्ला, सर्वे नंबर टाकून हा दर फुकट बघता येतो, पाच मिनिटांचं काम आहे.

सावध: "कागदावर अठ्ठावीस दाखवू, बारा रोखीत" असं ठरवणारे अजून पुष्कळ आहेत. लोन मग अठ्ठावीसवरच मिळतं. वरचे बारा कुठून आणणार? शिवाय मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो, इसार असला तरी. आणि सौदा फिसकटला तर त्या बारा लाखांचा पुरावा काय, तर काही नाही.

## पायरी २: विकणाऱ्यानं बोर्ड लावायच्या आधी फाईल लावायची

विकायचं ठरलं की लोक आधी एजंटला फोन करतात. आधी कपाट उघडा. मूळ खरेदीखत, त्याचं इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगीचा दाखला) असेल तर ते, चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती, लाईट बिल. यातलं एखादं हरवलं असलं तर त्याची नक्कल काढायला वेळ लागतो आणि ती धावपळ गिऱ्हाईक दारात असताना करायची नसते.

लोन फिटलेलं असेल तर बँकेचा नील दाखला आणि मूळ कागद परत आले का बघा. पूर्ण कर्ज फिटल्यावर बँकेनं ३० दिवसांत मूळ कागद द्यायला पाहिजेत आणि उशीर केला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. शाखेत हे नम्रपणे आठवण करून दिलं तरी काम हलतं.

आता खरी अडचण. घर अजून वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, आणि विकायला निघालेत दोन भाऊ. बहिणी कुठं आहेत? एक पुण्याला, एक नांदेडला, "त्यांना काही नको, त्यांचं लग्न झालं." असं तोंडी चालत नाही. वडिलांच्या मागं मुलगी पण मुलाइतकीच वारस आहे, आणि वडिलोपार्जित मिळकतीत तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तिला जन्मतःच सारखा हक्क मिळालाय, त्यात वडील २००५ ला हयात असायची गरज नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून एक तर बहिणींनी खरेदीखतावर सही करायची आणि त्यांचा वाटा त्यांच्या खात्यात, नाहीतर त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. घरी कोऱ्या कागदावर "मला काही नको" लिहून घेतलेलं कामाला येत नाही. आमच्या मामाच्या घरी "ताई दिवाळीला येईल तेव्हा सही घेऊ" म्हणत दोन दिवाळ्या गेल्या, तोपर्यंत आलेलं चांगलं गिऱ्हाईक दुसरीकडं घर घेऊन मोकळं झालं.

तपासा: मालकांपैकी कुणी अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल आहे का? असेल तर त्याच्या वाट्यासाठी कोर्टाची परवानगी लागू शकते, वकिलाला आधी विचारा. कुणी अमेरिका-दुबईला आहे का? त्याचं मुखत्यारपत्र यायला महिने लागतात, आणि विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याला टीडीएस वेगळ्या आणि जास्त दरानं कापावा लागतो.

## पायरी ३: मिळकत कोणत्या जातीची आहे ते ओळखा

इथं वेळ घाला. आपल्याकडं "प्लॉट" या एकाच शब्दात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

सिटी सर्वेतली मिळकत. याला मिळकत पत्रिका असते, लोक पीआर कार्ड म्हणतात. त्यावर धारकाचं नाव, क्षेत्र आणि सत्ता प्रकार असतो. सत्ता प्रकाराचा रकाना कुणी वाचत नाही आणि नेमकं तिथंच लीज किंवा सरकारी शर्त लिहिलेली असते.

सातबारावरचा एनए (बिगरशेती) प्लॉट. सातबारा आणि सोबत अकृषिक आदेश आणि मंजूर ले-आऊट. सही असलेला डिजिटल सातबारा १५ रुपयांत ऑनलाईन मिळतो, विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, तुमचा तुम्ही काढा. नावापेक्षा "इतर हक्क" हा रकाना आधी वाचा, बँकेचा बोजा, कुळ, वारसांचा वाद सगळं तिथं असतं. मंजूर ले-आऊटच्या नकाशात आपला प्लॉट नंबर खरंच प्लॉट आहे ना, की ओपन स्पेस किंवा रस्ता आहे, ते बोट ठेवून बघा. ओपन स्पेस विकलेली उदाहरणं आपल्या प्रत्येक शहरात सापडतील.

भोगवटादार वर्ग-२ आणि इनाम. वर्ग-२ म्हणजे विकायला सरकारची अट किंवा परवानगी असलेली जमीन. हा खास मराठवाड्याचा विषय, कारण आपल्याकडं जमिनीचे जुने कायदे हैदराबाद संस्थानच्या काळातून आलेले. कुळाचा कायदा १९५० चा हैदराबादचा, इनाम रद्द करायचा कायदा १९५४ चा हैदराबादचा. सातबारावर वर्ग-२ दिसलं, किंवा जुन्या फेरफारात (मालकी बदलाच्या नोंदीत) खिदमतमाश, मदतमाश (हे इनामाचे प्रकार), देवस्थान, वक्फ, संरक्षित कुळ असा शब्द दिसला की तिथंच थांबा. काही जमिनी नजराणा (सरकारला भरायची रक्कम) भरून वर्ग-१, म्हणजे बिनअटीच्या, होऊ शकतात, काहींना विक्रीची परवानगी लागते, आणि देवस्थान किंवा वक्फची जमीन असेल तर तिच्या नादालाच लागू नका. जुनं खासरा पत्रक, पहाणी पत्रक कधी कधी उर्दूत असतं, तेव्हा वाचणारा माणूस आणि त्याचं लेखी भाषांतर दोन्ही घ्या. "त्यात काही नाही हो" असं एजंटनं सांगितलं म्हणून पुढं जाऊ नका, एजंटला उर्दू येत नाही.

सिडकोचं घर. संभाजीनगरच्या एन सेक्टरमध्ये किंवा नांदेडच्या सिडकोत घर घेताना ते मालकीचं आहे की लीजवर ते बघा. लीज असेल तर हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं, ते कोण भरणार हे भावासोबतच ठरवा. एमआयडीसी, म्हाडा यांचंही असंच आहे.

गावठाणातलं घर. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून लोक "हा घ्या मालकीचा कागद" म्हणतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकी त्यानं सिद्ध होत नाही. ज्या गावात स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झालीय तिथं मिळकत पत्रिका निघतेय, ती मागा.

गुंठेवारी आणि बॉण्डवरचा प्लॉट. शेतकऱ्याची दोन एकर घेऊन वीस बाय तीसचे तुकडे पाडायचे आणि साध्या बॉण्डवर (स्टॅम्प पेपरवर) नोटरी करून विकायचे. संभाजीनगरच्या सातारा-देवळाईपासून लातूर, परभणीच्या कडेच्या वस्त्यांपर्यंत लोक अजून असे प्लॉट घ्यायलेत, कारण स्वस्त पडतात. वीस बाय तीस म्हणजे ६०० स्क्वेअर फूट, एक गुंठा १०८९ चा, म्हणजे हा अर्ध्या गुंठ्याच्या थोडा वर. नोटरी म्हणजे रजिस्ट्री नाही. शंभर रुपये किंवा जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होतच नाही, आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर, करारावर मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलंय. गुंठेवारी नियमित करायचा २००१ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं तो डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू केला. त्यामुळं असं घर घ्यायचंच असेल तर "नियमित होईल" यावर घेऊ नका, महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात घेऊन घ्या. तुकडेबंदीचे (जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी घालणारे) नियम पण अधूनमधून बदलतात, रजिस्ट्रीला जायच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात "या गटातल्या एवढ्या क्षेत्राचा दस्त घेता का" एवढं विचारून या.

सावध: शेतकऱ्याच्या वतीनं मुखत्यारपत्रावर दुसराच कुणी विकत असेल तर मूळ मालक जिवंत आहे का ते विचारा, जमलं तर भेटा. माणूस वारला की त्याचं मुखत्यारपत्र साधारणपणे तिथंच संपतं.

## पायरी ४: घर मे महिन्यात बघा, आणि परत एकदा पावसात

दोन्ही जमत नसेल तर शेजाऱ्याला विचारा, विकणाऱ्याला नको. नळाला पाणी किती दिवसाआड येतं, बोअर किती फूट आहे आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, नाल्याचं पाणी गल्लीत शिरतं का.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, बोटं जातील अशा भेगा पडतात. पाया त्या मातीवरच ठेवला असेल तर घराची भिंत पण सोबत हलते. कुठं बघायचं? खिडकीच्या आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी चीर, जोत्याच्या कडेनं आडवी चीर, दार खाली घासत असेल तर त्याची चौकट. परभणीत एका घरी हॉलमध्ये पीओपी इतकं सुंदर केलं होतं की सगळे वरच बघत राहिले, मी दिवाण सरकवला तर मागं भिंतीत माझी चावी बसेल एवढी चीर. मालक म्हणाला, "ती जुनीच हाय, वाढत नाय." वाढत नाही तर दिवाण तिथं कशाला ठेवला?

लातूर-धाराशिवकडं किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लोक कॉलम-बीम विचारतात, ती चांगली सवय आहे. वरचा मजला नंतर चढवला असेल तर त्याची परवानगी आणि खालचे कॉलम त्यासाठी धरले होते का, हे इंजिनियरला दोन हजार देऊन बघून घ्या. टेप नेऊन प्लॉटची लांबी-रुंदी पण मोजा. हद्दीवर शंका असेल तर भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करून क प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या, वेळ लागतो पण शेजाऱ्याशी आयुष्यभराचं भांडण टळतं.

## पायरी ५: सर्च, नोटीस, कोर्ट

वकील आपला लावा. विकणाऱ्याच्या किंवा एजंटच्या ओळखीचा नको, फी कमी असली तरी. त्यानं साधारण ३० वर्षांचा सर्च घेऊन लेखी रिपोर्ट द्यायचा, तोंडी "क्लिअर आहे" नाही. मधल्या प्रत्येक विक्रीचं खरेदीखत साखळीत बसतंय का, कुठं फेरफार नामंजूर झालाय का, कुणी वारस सुटलाय का. पेपरात जाहीर नोटीस द्यायची आणि हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे, विकणारा "माझी बदनामी होईल" म्हणत असेल तर तीच तुमची पहिली हरकत समजा. ई-कोर्टाच्या साईटवर विकणाऱ्याच्या नावानं दावा दिसतो का ते पण बघा, नावाच्या दोन-तीन स्पेलिंगनं शोधा कारण शिंदे, शिंदें, सिंधे काहीही टाईप झालेलं असतं.

## पायरी ६: आता इसार

कागद जुळले, मग पैसा. इसार बँकेतूनच, आणि सौदाचिठ्ठीत इतकं तरी लिहा: मिळकतीचं वर्णन, पूर्ण किंमत, इसार किती, बाकी किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, कोणते कागद कुणी आणायचे, लोन नाही झालं तर इसार परत की जप्त, आणि विकणारा फिरला तर काय. शेवटच्या दोन गोष्टी लाजेनं कुणी लिहीत नाही आणि भांडणं तिथंच होतात.

रक्कम मोठी असेल किंवा वेळ लागणार असेल तर नोंदणीकृत साठेखत (खरेदीखताच्या आधीचा विक्रीचा करार) करा. साठेखतात ताबा दिला तर मुद्रांक खरेदीखताइतकाच पूर्ण लागतो, नंतर खरेदीखताला तो परत भरावा लागत नाही, म्हणून हा पैसा वाया जात नाही.

विकणाऱ्याला: चावी शेवटचा रुपया खात्यात आल्यावर. "सामान ठेवायला एक खोली उघडून द्या" याला पण नाही म्हणा. एक खोली दिली की माणूस राहायला येतो आणि मग बाकी रक्कम हप्त्यानं यायला लागते.

भाव बोलायचा असेल तर पितृपक्षात बोला, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. रजिस्ट्री दसऱ्याला, पाडव्याच्या आसपास ठरवू नका, सगळा जिल्हा त्याच आठवड्यात येतो आणि सर्व्हर बसतो.

### नवीन फ्लॅट बिल्डरकडून असेल तर

५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा ८ पर्यंत फ्लॅट असले छोटे प्रकल्प सोडले तर महारेरा (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी लागते, नंबर टाकून साईटवर मंजूर नकाशे, पूर्ण व्हायची तारीख, कोर्टातले दावे सगळं दिसतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. भाव कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रावर) विचारा. काम चालू असलेल्या फ्लॅटला ५ टक्के जीएसटी, ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घराला आपल्याकडच्या शहरांत कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, आणि पूर्णत्वाचा दाखला आल्यावर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसताना "राहायला या, नंतर येईल" म्हटलं की पाण्याच्या कनेक्शनपासून रखडपट्टी सुरू.

## पायरी ७: लोन

मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पैसे आले असं नसतं. बँकेचा वकील आणि व्हॅल्यूअर दोघं वेगळं बघतात, व्हॅल्यूअरनं घर छत्तीसचं धरलं तर टक्केवारी छत्तीसवर लागते आणि फरक तुमच्या खिशातून. म्हणून सौदाचिठ्ठीतली तारीख ठरवताना लोनला दीड-दोन महिने धरा. विकणाऱ्याचंच लोन बाकी असेल तर त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्या आणि तेवढी रक्कम सरळ त्या बँकेच्या कर्जखात्यात जाईल असं लिहून घ्या, विकणाऱ्याच्या हातात देऊन "तो भरेल" असं नाही.

## पायरी ८: मसुदा आणि रजिस्ट्रीचा दिवस

खरेदीखताचा मसुदा दोन-तीन दिवस आधी घ्या आणि तो घेऊन प्लॉटवर जा. सूर्य उगवतो तिकडं तोंड करून उभं राहा आणि चतुःसीमा मोठ्यानं वाचा. मावसभावाच्या मसुद्यात पूर्वेला प्लॉट नंबर १४ आणि पश्चिमेला रस्ता लिहिलं होतं. तो उभा राहिला तर रस्ता समोर, म्हणजे पूर्वेला, आणि मागं प्लॉट, त्याचाही नंबर ४१. टायपिंग करणाऱ्या पोरानं जुन्या दस्तावरून कॉपी केलं होतं. रजिस्ट्री झाल्यावर हे सापडलं असतं तर चूक दुरुस्तीपत्र करावं लागलं असतं, आणि त्याला विकणाऱ्याची परत सही लागते. व्यवहार संपल्यावर विकणारा फोन उचलतो का ते विचारून बघा कुणालाही.

नावं आधार आणि पॅनशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. क्षेत्र फुटात आणि मीटरमध्ये दोन्ही लिहा. प्रत्येक पेमेंटचा चेक किंवा आरटीजीएसचा नंबर, तारीख, बँक. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून घेणाऱ्यानं भरायचा आणि तोही दस्तात दाखवायचा.

मुद्रांक ऑनलाईन चलनानं भरायचा, चलनावरचं नाव आणि मिळकत पण तपासा. त्या दिवशी लागतं ते इतकं: दोन्ही बाजूंची माणसं, सगळ्यांचं मूळ आधार-पॅन, आधार घेऊन दोन साक्षीदार, आधी केलेल्या डेटा एन्ट्रीचा नंबर, चलन, दस्त. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला आणावा लागतो, पण एवढं ताणायचंच कशाला.

मशीनवर अंगठा लागत नाही हा प्रकार दर वेळी होतो. मामीचं आयुष्य शेतात आणि चुलीपाशी गेलं, बोटांच्या रेषा राहिल्याच नाहीत, सात वेळा अंगठा ठेवला, क्लार्क वैतागला, मामी रडकुंडीला आली. मग कुणीतरी ओला रुमाल दिला, बोट पुसून, जरा थांबून, आठव्या वेळी लागला. म्हाताऱ्या माणसांना सकाळचा टोकन घ्या, आणि आदल्या दिवशी बोटांना मेंदी-हळद लावू देऊ नका.

विकणाऱ्याला: पेमेंट खात्यात दिसल्यावर किंवा बँकेचा डीडी हातात आल्यावरच सही. साधा चेक घेऊन सही केली, दस्तात "रक्कम मिळाली" लिहून दिलं आणि चेक वटला नाही, तर पुढची वर्षं कोर्टात.

निघायच्या आधी इंडेक्स टू घ्या आणि तिथंच उभं राहून नाव, क्षेत्र, मोबदला वाचा.

## पायरी ९: रजिस्ट्री झाली म्हणून काम संपत नाही

फेरफार. सातबाराची मिळकत असेल तर नोंद ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपला तलाठी, तिथं येते, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. "आपोआप होईल" म्हणून बसू नका, महिन्यानं जाऊन फेरफार नंबर विचारा. पीआर कार्डसाठी नगर भूमापन कार्यालयात इंडेक्स टू लावून अर्ज. जुन्या मालकाचं नाव राहिलं तर तो तीच मिळकत परत गहाण टाकू शकतो, आणि असं करणारे असतात.

विकणाऱ्याचा टॅक्स. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त जवळ होतं तर नफा दीर्घकालीन, त्यावर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर राहणाऱ्या भारतीय माणसाला महागाईचा हिशोब धरून २० टक्के हा पर्याय पण आहे, जो कमी पडेल तो. तो नफा दुसऱ्या घरात घातला, विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षं नंतर खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम, तर त्यावर सूट मिळते. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नाही तर पैसे कॅपिटल गेन खात्यात टाकायचे, साध्या बचत खात्यात ठेवले तर सूट जाते. लोक पोरीच्या लग्नात खर्च करून मोकळे होतात आणि मग सीएकडं जातात. सौद्याच्या आधी जा.

घरपट्टी, नळ, लाईट. महापालिकेत मालमत्ता कराचं हस्तांतर, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट, आणि महावितरणकडं नाव बदल. ताबा घ्यायच्या दिवशी मीटरपाशी दोघांनी उभं राहून आकड्याचा फोटो काढा आणि एकमेकांना पाठवा. मामानं घर विकलं त्या गिऱ्हाईकानं नाव बदललंच नाही, बिलाचा मेसेज अजून मामाच्या मोबाईलवर येतो आणि उन्हाळ्यात बिल वाढलं की मामा घाबरून मला फोन करतो.